वेतनाबाहेरचे लाभ आणि नोकरीबदल : दोंडाईचा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नोकरी बदलावी की आहे तीच टिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत स्वरूपाचा वाटतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तर तो प्रामुख्याने वेतनाच्या तुलनेचा प्रश्न म्हणूनच मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र खानदेशातील कोणत्याही घरात मुलाला नवी नोकरी लागल्याची वार्ता आली, की पगाराच्या आकड्यापाठोपाठ आणखी काही प्रश्न हमखास विचारले जातात. फंड कापतात का? पेन्शन आहे का? राहायला क्वार्टर मिळते का? रजा किती? या प्रश्नांमागे केवळ व्यवहारचातुर्य नसून सव्वाशेहून अधिक वर्षांचा सामाजिक अनुभव आहे. तो अनुभव कसा घडत गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अभ्यासासाठी धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा या शहराचा परिसर निवडला आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, तेव्हा हा परिसर पश्चिम खानदेशात समाविष्ट झाला. शेती, मिरचीची बाजारपेठ, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील स्थानक, मक्यापासून स्टार्च तयार करणारा कारखाना आणि शाळा-महाविद्यालये अशी रोजगाराची निरनिराळ्या काळांतील रूपे येथे एकाच गावाच्या परिघात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्यामुळे वेतनाबाहेरच्या लाभांचा इतिहास सलगपणे पाहण्यास हा परिसर सोयीचा ठरतो.

या लाभांचे मोजमाप करताना येथे तीन निकष वापरले आहेत. पहिला, लाभ लेखी व हक्काचा आहे की मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे? दुसरा, तो किती सेवेनंतर पक्का होतो? तिसरा, नोकरी सोडताना तो बरोबर नेता येतो की मागेच सोडून द्यावा लागतो? यांपैकी तिसरा निकष नोकरीबदलाच्या निर्णयात सर्वाधिक निर्णायक ठरत आला आहे आणि नेमके त्याच्याकडेच सर्वांत उशिरा लक्ष गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सालदारकी आणि आखाजी

खानदेशात नोकरीबदलाचा दिवस एकेकाळी पंचांगात ठरलेला होता. अक्षय तृतीया, म्हणजेच आखाजी, हा या भागातील मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. याच सणाला शेतीच्या नोकरीचे वर्षही उलटते. जुन्या सालदाराचे साल संपते आणि नवे साल ठरते. आहे त्याच शेतकऱ्याकडे राहायचे की दुसऱ्याचे साल धरायचे, याचा निर्णय सालदाराला या दिवसांत घ्यावा लागतो.

सालाचा भाव ठरविताना रोख रक्कम हा बोलणीचा एक भाग असे. वर्षाचे धान्य, कपडालत्ता, पायतण, कामाच्या दिवशीची भाकर आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे उचल, या बाबींवर खरी घासाघीस चाले. दोन मालकांची रोख रक्कम सारखी असली, तरी एकाकडे धान्य चोख मिळते आणि दुसरा आजारपणाचे खाडे कापून घेतो, हे सालदार व त्याची घरधनीण यांना नेमके ठाऊक असे. वेतनाबाहेरच्या लाभांची तौलनिक चिकित्सा ही अलीकडची गोष्ट आहे असे मानण्याचे त्यामुळे कारण नाही. अक्षरओळख नसलेला सालदारही ती करीत आला आहे.

या लाभांना वरील निकष लावले असता चित्र संमिश्र दिसते. धान्य, कपडे हे लाभ तोंडी असले तरी रूढीने बांधलेले होते. वर्षभराची हमी होती. मात्र त्यांतील काहीही सालाबाहेर नेता येत नसे. उलट उचलीच्या रूपाने जे मिळे ते पुढच्या सालाला जखडणारे ठरे. लग्नकार्य वा दुखणेबाणे यांसाठी घेतलेली उचल फिटली नाही, तर आखाजीला साल बदलण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरे. नवा मालक जुन्याची उचल फेडून देई, तेव्हाच सालदार सुटे, आणि त्या क्षणी तो नव्या मालकाचा देणेकरी होई. १९७५ च्या वटहुकमाने व पाठोपाठ १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी पद्धत रद्द करण्यात आली आणि कर्जापोटी श्रम बांधून घेणे हा गुन्हा ठरला. तथापि, लाभ आणि बंधन हे एकाच व्यवहाराचे दोन पैलू असू शकतात, हा सालदारकीचा धडा पुढील सर्व टप्प्यांवर उपयोगी पडतो.

रेल्वे : लेखी लाभांचे आगमन

विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरू झाला आणि दोंडाईचा सुरतेशी जोडले गेले. या मार्गाने कापूस व मिरची यांना बाजार मिळाला, त्याचप्रमाणे परिसराला एका नव्या प्रकारच्या नोकरीचीही ओळख झाली. रेल्वेतील नोकरीत कामाचे तास, रजा, बढती व शिक्षा यांचे नियम छापील होते. राहण्यास क्वार्टर, कुटुंबासह प्रवासाचा पास, मोठ्या ठिकाणी रेल्वेचा दवाखाना व शाळा, तसेच भविष्य निर्वाह निधी असे लाभ वेतनाला जोडलेले होते. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी तर या लाभांच्या आधाराने एक संपूर्ण वसाहत उभी राहिली.

येथे पहिल्या निकषावर मोठी झेप दिसते. मालकाच्या मर्जीऐवजी नियमपुस्तक आले. गावातील सधन शेतकरीही आपला धाकटा मुलगा रेल्वेत चिकटावा अशी इच्छा धरू लागला, ते केवळ पगारासाठी नव्हे. अवर्षणाच्या वर्षी शेतातून काहीच आले नाही, तरी रेल्वेतला भाऊ घर चालवू शके. नियमितपणा हाच वेतनाबाहेरचा सर्वांत मोठा लाभ मानला गेला.

१९५७ मध्ये रेल्वेत निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तेव्हा सेवेत असलेल्यांना जुनी वर्गणीची भविष्य निर्वाह निधी योजना कायम ठेवावी की निवृत्तिवेतन स्वीकारावे, असा पर्याय देण्यात आला. एकरकमी मोठी रक्कम हाती घ्यावी की आयुष्यभर दरमहा मिळणारी लहान रक्कम, हा निर्णय सामान्य कर्मचाऱ्याला प्रथमच कागदावर सही करून घ्यावा लागला. मुलीचे लग्न, शेतजमिनीची खरेदी, घराचे बांधकाम हे विचार एकरकमी रकमेच्या बाजूने होते. आयुर्मान वाढत गेले आणि महागाईबरोबर निवृत्तिवेतनही वाढू लागले, तेव्हा निवृत्तिवेतनाचे मोल ध्यानी आले. लाभाची किंमत तो देऊ केला जातो त्या दिवशी पूर्णपणे कळत नाही, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

गिरणी, कारखाना आणि फंड

जळगाव, अमळनेर व धुळे येथील कापडगिरण्यांनी खानदेशात औद्योगिक कामगारांचा वर्ग निर्माण केला. या कामगारांसाठीचे कायदे टप्प्याटप्प्याने आले. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ चा. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूतीलाभाचा कायदा केला आणि तो या विषयावरील देशातील पहिला कायदा ठरला. विधिमंडळात या तरतुदीची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे येथे नमूद करणे उचित होईल. १९५२ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा अमलात आला. आरंभी तो ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड उद्योग असल्याने खानदेशातील गिरणी कामगार त्याच्या कक्षेत आले. ‘फंड’ हा शब्द बोलीत रुळला तो या काळात.

फंड हा कामगाराच्या नावावर जमा होणारा पैसा असल्याने तो बरोबर नेता येईल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु आरंभीच्या योजनेत कामगाराने लवकर सभासदत्व सोडल्यास मालकाच्या वर्गणीचा काही भाग त्याला मिळत नसे. पूर्ण रकमेसाठी दीर्घ सभासदत्व आवश्यक होते. स्थिर कामगार तयार करणे हा त्यामागील हेतू असावा. परिणामी नोकरी बदलणाऱ्याला एक प्रकारचा दंड बसे. पुढे ही कपात रद्द झाली.

१९७० च्या दशकात दोंडाईचा येथे स्टार्चचा कारखाना उभा राहिला, तेव्हा कारखान्याच्या नोकरीसाठी गाव सोडण्याची अपरिहार्यता काहींच्या बाबतीत संपली. याच सुमारास, १९७२ मध्ये, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, परंतु किमान पाच वर्षे सलग सेवा झाली तरच, ही त्याची मुख्य तरतूद. उदाहरणादाखल, ज्याचे मासिक वेतन १३,००० रुपये आहे अशा कामगाराचे उपदान २६ दिवसांचा महिना धरून वर्षाला ७,५०० रुपये होते. पाच वर्षांनी ते ३७,५०० रुपये भरते. हाच कामगार चार वर्षांनी महिना पाचशे रुपये अधिक मिळतात म्हणून बाहेर पडला, तर उपदानाच्या गमावलेल्या रकमेची भरपाई होण्यास त्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून मुदतबंद नेमणुकीवरील कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क देण्यात आला आहे. इतरांसाठी पाच वर्षांची अट कायम आहे.

१९९५ मध्ये फंडाला निवृत्तिवेतन योजना जोडली गेली व त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट आली. ही सेवा एकाच मालकाकडे असण्याचे बंधन नाही. तरीही नोकरी सोडताच फंड काढून घेण्याची रीत मोठ्या प्रमाणावर आढळते. रक्कम हाती येते, पण निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी वर्षे तेथेच तुटतात. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला कायमचा एकच खाते क्रमांक मिळू लागल्याने रक्कम नव्या नोकरीत वर्ग करणे सुलभ झाले. दोंडाईचा परिसरातून कापड व्यवसायातील कामासाठी सुरतेकडे जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. मात्र जेथे हजेरीपटावर नावच नसते, तेथे क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही.

बाजारपेठ : हमाल आणि पथारीवरील स्त्रिया

बाजारपेठेतील श्रमाचे स्वरूप याहून वेगळे. हमालाचा मालक दिवसागणिक, किंबहुना गाडीगणिक बदलतो. ज्याला कायमचा मालकच नाही त्याला फंड, रजा, उपदान कोण देणार, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर झालेल्या १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने त्याचे उत्तर दिले. कामगार व मालक या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे, मजुरीवर मालकाकडून ठरावीक आकार आणि त्यातून फंड, उपदान, रजा व बोनस यांची तरतूद, अशी ही रचना होय. येथे लाभ मालकाला नव्हे तर कामगाराला जोडलेला आहे. मालक बदलला तरी लाभ खंडित होत नाही. तिसऱ्या निकषावर उतरणारी ही व्यवस्था समाजाच्या दृष्टीने सर्वांत कनिष्ठ मानल्या गेलेल्या कामात निर्माण झाली, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

परंतु कायदा असणे आणि तो पोचणे यांत अंतर असते. नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यातील मिरचीच्या पथाऱ्यांवर हंगामात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. त्यांची मजुरी रोजाने वा वजनावर ठरते. प्रसूतीलाभासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. हंगामी व विखुरलेल्या कामात हे दिवस सिद्ध करणे कठीण. कारखान्यात वा कार्यालयात नोकरी करणाऱ्या स्त्रीनेही नोकरी बदलली की हे दिवस नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. त्यामुळे स्त्रीच्या नोकरीबदलाचा हिशेब पुरुषाच्या हिशेबापेक्षा वेगळा ठरतो.

शिक्षक : प्रतिष्ठा, पेन्शन आणि तासिका

अध्यापकीय पेशात वेतनाबाहेरचा पहिला लाभ प्रतिष्ठेचा होता. खासगी शाळांतील शिक्षकांस निवृत्तिवेतन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांस १९८० च्या दशकाच्या आरंभी लागू झाले. त्यानंतर अनुदानित संस्थेतील नोकरी ही खानदेशातील सुशिक्षित तरुणाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित नोकरी ठरली. मुंबई-पुण्यातील अधिक वेतनाची खासगी नोकरी सोडून तालुक्याच्या गावी अध्यापक होणे हा तोट्याचा व्यवहार मानला जात नसे.

मात्र या लाभालाही बंधनाची बाजू होती. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये राजीनामा दिल्यास पूर्वीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. योग्य परवानगीने दुसऱ्या पात्र सेवेत जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा त्यास अपवाद. त्यामुळे ‘योग्य मार्गाने अर्ज’, ‘ना हरकत प्रमाणपत्र’ आणि ‘सेवासातत्य’ हे शब्द प्राध्यापकांच्या आयुष्यात पदव्यांइतकेच महत्त्वाचे झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नियुक्त होणाऱ्यांसाठी राज्यात परिभाषित अंशदान योजना आली, तेव्हा या शब्दांचे वजन आणखी वाढले. सेवेत थोडा खंड पडला, तरी जुन्या योजनेतून बाहेर पडण्याचा धोका निर्माण झाला.

या दोन योजनांची तुलना उद्‌बोधक आहे. जुन्या योजनेत रक्कम निश्चित, पण ती सेवेला बांधलेली. नव्या योजनेत खाते कर्मचाऱ्याच्या नावाचे व बरोबर नेता येण्याजोगे, पण अखेरीस हाती काय येईल हे अनिश्चित. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षकांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला आणि २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजनांचे पर्याय पुढे आणले. या घडामोडींवरून असे दिसते, की निश्चिती आणि मोकळीक यांपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास बहुसंख्य नोकरदार निश्चितीच्या बाजूने उभे राहतात.

उपदानाच्या बाबतीतही शिक्षकांचा मार्ग सरळ नव्हता. शिक्षक हा उपदान कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षकांचा समावेश झाला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. खासगी विनाअनुदानित संस्थांतील शिक्षकांच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे.

या सर्व लाभांच्या परिघाबाहेर तासिका तत्त्वावरील अध्यापक उभा आहे. त्याची नेमणूक शैक्षणिक वर्षातील काही महिन्यांपुरती असते. मोबदला शिकविलेल्या तासांचा. उन्हाळ्याच्या सुटीत उत्पन्न नाही. सालदाराला निदान आखाजी ते आखाजी अशी वर्षाची हमी व घरात धान्य होते. नेट-सेट वा पीएच.डी. असलेल्या या अध्यापकाला तेवढीही हमी नाही. त्याच्यापुढे दुसरी नोकरी आली, तर तौलनिक विचाराचा प्रश्नच उरत नाही, कारण मागे सोडून जाण्यासारखे त्याच्याजवळ काही जमलेलेच नसते. त्याने पेशा सोडला, तर त्यास निष्ठेचा अभाव म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकणारे नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वेतनाबाहेरच्या लाभांचा तौलनिक विचार ही खानदेशात जुनी व सर्व थरांत रूढ असलेली रीत आहे. आखाजीच्या बोलणीपासून निवृत्तिवेतनाच्या पर्यायपत्रापर्यंत तिचे सातत्य दिसते.

२) लाभ तोंडीकडून लेखीकडे आणि मर्जीकडून हक्काकडे सरकत गेले. या प्रक्रियेत रेल्वे व गिरण्यांचा वाटा मोठा आहे.

३) लाभ आणि बंधन यांची गाठ कायम राहिली. उचल, पाच वर्षांची अट, सेवासातत्य ही त्याच गाठीची निरनिराळी रूपे होत. मात्र उचल माणसाला ऋणाने बांधते, तर उपदान आशेने. हा फरक नैतिकदृष्ट्या मोठा आहे.

४) मालकाऐवजी कामगाराला जोडलेले लाभ, जसे माथाडी मंडळ वा एकच खाते क्रमांक, नोकरीबदलाचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने वाढवितात. तथापि त्यांची व्याप्ती नोंदणीकृत श्रमापुरतीच मर्यादित राहिली आहे.

५) शिक्षणाचा दर्जा आणि लाभांचे संरक्षण यांचा परस्परसंबंध आपोआप राहत नाही, हे तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या स्थितीवरून सिद्ध होते.

समारोप

नोकरी बदलू पाहणाऱ्याने पगाराच्या आकड्यापलीकडे पाहावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. दोंडाईचा परिसराचा इतिहास त्यात भर घालतो. लाभ कोणते, यापेक्षा ते केव्हा पक्के होतात आणि निघताना त्यांतील काय बरोबर येते, हे आधी विचारावे. सालदाराची घरधनीण आखाजीच्या आदल्या रात्री धान्य आणि उचल यांचा जो हिशेब मांडी, त्यात हे दोन्ही प्रश्न होते. कायद्यांनी त्या हिशेबात अनेक रकाने वाढविले. मात्र ज्या महाविद्यालयांत हा इतिहास शिकविला जातो, तेथेच शिकविणाऱ्यांपैकी काहींच्या नावापुढचे हे रकाने कोरे आहेत. ते भरणे हे अभ्यासकांइतकेच संस्थाचालक व शासन यांचेही उत्तरदायित्व आहे.